प्लेटलेट ३८ हजार, मोठा रक्तस्राव नाही, तरी पोरगी गळून का जाते?

प्रश्न असा आहे : "आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. मुलगी ११ वर्षांची, सहावीत, वजन ३२ किलो. १६ महिन्यांपूर्वी पायांवर लाल ठिपके उठले, प्लेटलेट ९ हजार निघाल्या, आयटीपी (प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, नष्ट करते तो आजार) सांगितलं. स्टेरॉइडचे तीन छोटे कोर्स आणि मागच्या दिवाळीत सहा आठवड्यांचा एक मोठा कोर्स झाला. आता औषध नाही. प्लेटलेट ३० ते ४५ हजारांत फिरतात, शेवटचा आकडा ३८ हजार. अधूनमधून नाकातून थोडं रक्त येतं, बाकी काही नाही. पण शाळेतून आली की दप्तर टाकून आडवी होते. गृहपाठ रडत करते. रात्री साडेदहाला झोपते, पावणेसहाला ओढून उठवावं लागतं. खेळ तेव्हापासून बंद आहे. सासूबाई म्हणतात आळस आहे, डॉक्टर म्हणतात आकडा ठीक आहे. थकव्यासाठी प्लेटलेट वाढवायचं औषध सुरू करावं का?"

ताई, लगेच नको. पण थकव्यावर उपचार मात्र लगेच सुरू करा. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

आधी सासूबाईंच्या मुद्द्याचं. आयटीपीच्या मुलांमधला थकवा खरा असतो. मोजायच्या प्रश्नावल्या वापरून झालेल्या अभ्यासांत तो पुन्हापुन्हा दिसला आहे. पहिल्या उपचारांनी भागलं नाही म्हणून पुढच्या औषधांपर्यंत पोचलेल्या मुलांमध्ये तर निम्म्याहून जास्त जणांना मध्यम किंवा तीव्र थकवा आढळला. आणि त्याचा प्लेटलेटच्या आकड्याशी सरळ मेळ बसत नाही. १५ हजारांवर अंगणभर हुंदडणारं मूल असतं, ७० हजारांवर उशीत तोंड खुपसून पडणारंही असतं. प्राणवायू वाहून नेणं हे प्लेटलेटचं काम नाही, त्यामुळे त्या कमी झाल्या म्हणून ताकद कमी होते हे गणित मुळातच चुकीचं आहे. फ्लूच्या तापात अंग मोडून येतं ते शरीराच्या प्रतिकारयंत्रणेनं सोडलेल्या रसायनांमुळे. आयटीपीत हीच यंत्रणा स्वतःच्या प्लेटलेटवर उलटलेली असते, आणि ते धुमसणं थकव्याचा एक भाग मानलं जातं. फक्त एक भाग. उरलेला शोधला तर सापडतो, आणि बराचसा दुरुस्त होतो. तुमच्या चार ओळींतच मला त्याचे पाच-सहा धागे दिसताहेत.

एक छोटी गोष्ट मध्येच. आपल्याकडे डेंग्यूच्या दिवसांत "पांढऱ्या पेशी कमी झाल्या" असं सर्रास म्हणतात आणि म्हणायचं असतं प्लेटलेट. पांढऱ्या पेशी वेगळ्या, त्या जंतूंशी लढतात. थकलेल्या मुलाच्या रिपोर्टात आपण तिन्ही ओळी पाहतो : हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट. कागद कुणाला फोनवर वाचून दाखवाल तर एकक बघून वाचा. एक लॅब ३८,००० छापते, दुसरी ०.३८ लाख, तिसरी नुसतेच ३८ लिहून पुढे हजाराचा गुणक टाकते. तिन्ही आकडे एकच आहेत. ०.३८ लाख हे घाईत ३.८ लाख वाचलं गेलं तर तुम्ही उगाच निर्धास्त व्हाल, आणि ३८ म्हणजे नुसत्या अडतीस असं वाटलं तर रात्रभर जागाल.

आता कामाला लागू. एक दोनशे पानी वही घ्या. १४ दिवस रोज रात्री दोन मिनिटं. डावीकडे तारीख, मग झोपायची आणि उठायची वेळ, दुपारी झोपली असेल तर किती मिनिटं, शाळा पूर्ण की अर्धी, खेळ किंवा चालणं किती मिनिटं, रक्तस्राव झाला का, आणि शेवटी थकव्याला ० ते १० पैकी गुण. ० म्हणजे "मस्त", १० म्हणजे "उठवतच नाही". गुण तिनंच द्यायचे, तुम्ही नाही. आई-वडिलांचा अंदाज आणि मुलाचा स्वतःचा अंदाज यांत नेहमी फरक पडतो, आणि उपचार ठरवायला मुलाचाच जास्त उपयोगी पडतो. तीन साधे प्रश्नही रोज विचारा : अंगात त्राण नव्हतं का, झोपून उठल्यावर ताजं वाटलं का, वर्गात बाई काय सांगताहेत ते डोक्यात शिरलं का. हे तीन मुद्दाम निवडलेत. मुलांच्या थकव्यासाठी जी १८ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरतात तिचे भाग हेच तीन आहेत : अंगाचा थकवा, झोपेचा, आणि डोक्याचा. आयटीपीच्या मुलांसाठी किट नावाची २६ प्रश्नांची वेगळी प्रश्नावली आहे. तिच्यात १०० पैकी गुण मिळतात, जास्त गुण म्हणजे जगणं चांगलं, आणि ७ वर्षांपासून पुढची मुलं ती स्वतः भरतात. तिचा एक भाग आई-वडिलांच्या स्वतःच्या हालांबद्दल आहे, तोही भरा. तुमच्या रक्तविकारतज्ज्ञांकडे ती मागून बघा. नसेल तर वही पुरे.

१४ दिवस झाले की एकदाच रक्त काढायचं आणि सगळं एकत्र तपासायचं. दर आठवड्याला एकेका तपासणीसाठी सुई टोचणं हाही छळच आहे. दिवस मात्र ताप-सर्दी नसलेला निवडा, कारण संसर्गात फेरिटिन (लोहाच्या साठ्याचं माप) खोटं वर जातं आणि लोहाची कमतरता झाकली जाते. यादी अशी : सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली बघून दिलेला अभिप्राय, रेटिक्युलोसाइट (नव्या लाल पेशी), फेरिटिन आणि सोबत सीआरपी (सूज-संसर्गाची खूण), बी १२, ड जीवनसत्त्व, टीएसएच (थायरॉइडसाठी), यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या. आजार वर्षापेक्षा जुना आणि मुलगी वयात येतेय, म्हणून एएनए, डायरेक्ट कूम्ब्ज आणि इम्युनोग्लोब्युलिन (प्रतिकारशक्तीची प्रथिनं) पूर्वी झालं नसेल तर आता करून घ्या. सुई काढल्यावर कापूस दाबून धरायचा, ५ ते १० मिनिटं. चोळायचा नाही, कोपरातून हात दुमडून ठेवायचा नाही. त्यानंच निळं होतं.

प्रत्येक तपासणीमागे कारण आहे. कूम्ब्ज आणि रेटिक्युलोसाइट यासाठी की काही मुलांत तीच प्रतिकारयंत्रणा लाल पेशीही फोडायला लागते. त्याला इव्हान्स सिंड्रोम म्हणतात. थकवा, पिवळसर फिकटपणा, गडद लघवी अशी त्याची चाल असते. टीएसएच यासाठी की एक स्वप्रतिकार आजार असला की थायरॉइडचा दुसरा सोबत येण्याची शक्यता जरा जास्त. एएनए ल्युपस या आणखी एका स्वप्रतिकार आजाराचा माग काढायला. आणि काच यासाठी की थकवा, सोबत हाडं दुखणं, रेंगाळणारा ताप, वजन घटणं, मानेत-काखेत गाठी किंवा पोटात पाणथरी (प्लीहा) हाताला लागणं यांतलं काही असेल तर निदानच पुन्हा तपासावं लागतं. आयटीपीचं मूल अंगावर डाग घेऊन फिरतं पण आजारी दिसत नाही. आजारी दिसायला लागलं तर कारण दुसरीकडे शोधायचं, आणि तिथे थांबून चालत नाही.

सगळ्यांत जास्त वेळा हाती लागते ती लोहाची कमतरता. नाकातून "थोडंसं" रक्त येतं हे तुम्ही एका ओळीत लिहून मोकळ्या झालात. वर्षभर थोडंथोडं गेलं की साठा रिकामा होतो, आणि गिळलं गेलेलं रक्त कुणाला दिसतही नाही. हिमोग्लोबिन ११ ते १२ दरम्यान असलं की घरात सगळे निश्चिंत होतात. पण ५ ते ११ वर्षांसाठी ११.५ ही खालची रेषा आहे आणि १२ ते १४ साठी १२. शिवाय हिमोग्लोबिन उतरायच्या कितीतरी आधी फेरिटिन उतरतं, आणि थकवा तेव्हाच सुरू झालेला असतो. निरोगी मुलात १५ च्या खाली फेरिटिन म्हणजे साठा संपलाय. सोबत सूज किंवा संसर्ग असेल तर त्याहून वरचा आकडाही कमीच समजतात.

लोह कमी निघालं तर त्याचा डोस साधारण ३ मिलिग्रॅम प्रति किलो, दिवसातून एकदा. ३२ किलोला ९६, म्हणजे १०० मिलिग्रॅमची एक गोळी. पण वेष्टनावर "इलेमेंटल आयर्न" किती ते वाचा. क्षाराचं वजन आणि लोहाचं वजन वेगळं असतं आणि इथे हमखास घोळ होतो. २०० मिलिग्रॅम फेरस सल्फेटच्या गोळीत लोह फक्त ६०-६५ असतं. गोळी उपाशीपोटी किंवा दोन जेवणांच्या मधे, लिंबूपाण्याबरोबर. चहा-दूध तासभर आधी नाही, तासभर नंतर नाही. पोट दुखलं तर जेवणानंतर चालेल, बंद करण्यापेक्षा ते बरं. शौच काळी होणार, हे तिला आधी सांगा. ती लोहाची काळी असते. मात्र डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची झाली तर तो रक्तस्राव. हिमोग्लोबिन भरल्यावरही औषध अजून तीन महिने, साठा भरायला. "शाळेत दर आठवड्याला निळी गोळी देतात की" असं पालक सांगतात. ती ६० मिलिग्रॅमची, आठवड्यातून एकदा, कमतरता होऊ नये म्हणून असते. झालेली कमतरता तिनं भरून निघत नाही.

घरी मांसाहार नसेल तर बी १२ कडे नीट बघा. ते खूप कमी झालं तर प्लेटलेटही उतरतात, म्हणजे चित्रात चित्र. कमी निघालं तर दंडात किंवा कमरेत इंजेक्शन घेऊ नका. या आकड्यावर स्नायूत सुई म्हणजे आत रक्ताची गाठ होण्याचा धोका. तोंडावाटे मोठ्या डोसची गोळी रोज घेऊन काम होतं. औषधाच्या दुकानातल्या कंपाउंडरला नाही, डॉक्टरला विचारून.

आता स्टेरॉइड. तीन छोटे आणि एक सहा आठवड्यांचा, हे ११ वर्षांच्या मुलीला कमी नाही. मोठ्या कोर्सनंतर दोन गोष्टी मागे राहतात. एक, मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी सुस्त पडतात आणि त्यांना जागं व्हायला काही महिनेही लागू शकतात. सकाळी उलटीसारखं होणं, भोवळ, साध्या तापात एकदम गळाठणं असं असेल तर सकाळी ८ च्या सुमाराचं कॉर्टिसॉल (या ग्रंथींचं संप्रेरक) तपासून घ्या. दुसरी, मांड्या आणि खांदे अशक्त होतात. घरच्या घरी बघायचं असेल तर तिला जमिनीवर मांडी घालून बसवा आणि हात न टेकता उठायला सांगा. निरोगी ११ वर्षांचं मूल झटकन उठतं. ती पुढे झुकते का, गुडघ्यावर तळहात दाबून स्वतःलाच वर ढकलते का, शेवटच्या क्षणी पलंगाचा कडा पकडते का, हे बाजूनं बघा. तसं होत असेल तर तो स्नायूंचा अशक्तपणा आहे, सांगण्यासारखी आणि तपासून घेण्यासारखी खूण.

मुलांमध्ये २०१९ च्या अमेरिकन हिमॅटॉलॉजी सोसायटीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्टेरॉइडचा कोर्स ७ दिवसांपेक्षा जास्त लांबवू नये : प्रेडनिसोलोन २ ते ४ मिलिग्रॅम प्रति किलो, दिवसाला जास्तीत जास्त १२०, पाच ते सात दिवस. पुन्हा कधी गरज पडली तर हा मुद्दा विचारून घ्या, आणि डोस सकाळच्या नाश्त्याबरोबर द्या. संध्याकाळी दिलेलं स्टेरॉइड रात्रीची झोप खातं, मग दिवसा मरगळ, मग चिडचिड, आणि घरात भांडण.

झोपेचा हिशेब तर तुम्हीच लिहिलाय. साडेदहा ते पावणेसहा म्हणजे सव्वासात तास. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास लागतात. आयटीपी नसतानाही ही मुलगी पेंगली असती. पावणेसहाला उठायचं तर पावणेनऊला दिवा बंद, दुसरा हिशेब नाही. एकदम दोन तास अलीकडे ओढू नका, दर तीन-चार दिवसांनी १५ मिनिटं. दुपारी अर्धा तास झोप चालेल, तीनच्या आत. पाचला झोपलेली पोर रात्री अकराला टक्क जागी असते. घोरत असेल, तोंडानं श्वास घेत असेल तर अ‍ॅडेनॉइडसाठी (नाकामागच्या गाठीसाठी) कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

मग रस्ता. शाळा गंगापूर रोडच्या बाजूला असेल तर इंदिरानगरचा बोगदा, मुंबई नाका आणि पुढची गर्दी धरून व्हॅनमध्ये रोज किती वेळ जातो ते वहीत लिहा. व्हॅनमध्ये ती पहिली चढून शेवटी उतरत असेल तर सकाळची चढायची जागा बदलून वीस मिनिटं झोप मिळते. हे औषधाइतकंच औषध आहे. दप्तर वजनकाट्यावर ठेवा : वजनाच्या दहा टक्के, म्हणजे तिच्यासाठी ३.२ किलोच्या वर नको. आणि क्लास. शाळा, क्लास, गृहपाठ यांतला क्लास तीन महिने बंद करून बघा.

पण मला सगळ्यात जास्त खटकलं ते "खेळ तेव्हापासून बंद आहे". १६ महिने. पलंगावर बसवून ठेवलेलं कुठलंही मूल दोन जिने चढताना धापतं. स्नायू आणि हृदय बसून बसून सुस्तावतात, मग थोडं केलं तरी दमतं, दमलं की आपण आणखी बसवतो. घरच्या काळजीनं तयार झालेला थकवा हाच असतो, आणि तो आजारानं आलेल्या थकव्यावर चढून बसतो. ३० ते ४५ हजारांवर, मोठा रक्तस्राव नसताना, मुलीला चालू-पळू न देण्याचं वैद्यकीय कारण नाही. डोक्याला किंवा पोटाला मार बसेल असे खेळ टाळायचे : कबड्डी, कुस्ती, ज्यूदो, फुटबॉलची झुंबड, खांबाला झडप घालणारा खो-खो, ट्रॅम्पोलिन, सीझन बॉलचं क्रिकेट. बाकी चालणं, बॅडमिंटन, टेबल टेनिस, दोरीवरच्या उड्या, नाच, शीर्षासन सोडून योगासनं, सूर न मारता पोहणं, हेल्मेट घालून सायकल, टेनिस बॉलचं गल्लीतलं क्रिकेट हे सगळं चालेल. तुमच्या डॉक्टरांना ही यादी दाखवून तिच्या आकड्याप्रमाणे खूण करून घ्या.

सुरुवात जॉगिंग ट्रॅकवर रोज १० मिनिटं चालण्यानं, आठवड्यातून पाच दिवस. दर आठवड्याला ३ मिनिटं वाढवा. आठव्या आठवड्यात अर्ध्या तासावर याल. दुसऱ्या दिवशीचा थकव्याचा गुण नेहमीपेक्षा २ किंवा जास्त वर गेला तर तो आठवडा तेवढ्याच मिनिटांवर थांबा. शून्यावर मात्र येऊ नका. इथे बिघडतं ते असं : रविवारी पाहुणे येतात, पोरगी दिवसभर उधळते, पांडवलेणीच्या पायऱ्याही चढून येते, मग सोमवार-मंगळवार आडवी. घरचे म्हणतात, "बघ, झेपत नाही." झेपतं, पण हप्त्यानं. श्रावणातली ब्रह्मगिरीची फेरी यंदा नको, पुढच्या वर्षीचं बघू.

शाळेत एक पानाचं पत्र द्या, मुख्याध्यापक, वर्गशिक्षिका आणि पीटीचे सर तिघांना. आजाराचं नाव आणि तो संसर्गजन्य नाही हे वाक्य. कोणते खेळ चालतील, कोणते नाही (नुसतं "पीटी नको" लिहू नका, नाहीतर ती वर्षभर मैदानाच्या कडेला सगळ्यांचे बूट सांभाळत बसेल). डोक्याला मार लागला तर काय करायचं. दोन संपर्क क्रमांक. आणि पाचवी गोष्ट जी कुणी लिहीत नाही : थकव्यामुळे लक्ष लागत नाही, तेव्हा गृहपाठ अर्धा चालेल, जिन्याऐवजी तळमजल्याचा वर्ग मिळाला तर बरं, मोठ्या सुट्टीत दहा मिनिटं शांत बसायला जागा. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी मात्र पळापळ करू नका. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत रक्ताचे हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल आहेत, आयटीपी नाही.

मनाचंही बघा. स्टेरॉइडनं गाल फुगले तेव्हा वर्गात कुणी काय म्हणालं हे तिनं तुम्हाला सांगितलं असेलच असं नाही. रोज रात्री टॉर्च घेऊन तिचे पाय तपासत असाल तर ते थांबवा. ११ वर्षांची आहे, आंघोळीच्या वेळी ती स्वतः बघेल आणि नवीन काही दिसलं तर सांगेल. तपासणीला जाताना पोटात गोळा, आकडा येईपर्यंत घरात कुणी बोलत नाही, आकडा चांगला आला की पेढे आणि उतरला की सगळ्यांचे चेहरे पडलेले : यातून मूल एवढंच शिकतं की आई-बाबांचा आनंद माझ्या रक्तात आहे. स्थिर मुलीला महिन्या-दोन महिन्यांनी एक सीबीसी पुरते, तीही एकाच लॅबमध्ये. ३२ हजारांवरून ४१ हजार हा फरक नव्हे, मशिनचा आणि दिवसाचा चढउतार आहे. दोन आठवड्यांहून जास्त काळ आवडत्या गोष्टीतही रस नसेल, जेवण-झोप बिघडली असेल, "माझ्याच्यानं काही होत नाही" असं घोकत असेल तर बालमानसतज्ज्ञांना भेटा. ते थकव्याच्या उपचारातच येतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. लोह, थायरॉइड, बी १२ बघून झालं, झोप आणि चालणं दोन-तीन महिने चाललं, तरी वहीतला गुण ७-८ वरच असेल, तर औषधाचा विचार जरूर करा. जगण्याची प्रत खालावणं हे उपचाराचं मान्य कारण आहे, २०१९ च्या त्याच सूचनांत ते रक्तस्रावाच्या बरोबरीनं लिहिलंय. "आकडा ठीक आहे" या वाक्यानं तुमचा प्रश्न संपत नाही. पुन्हा लांबलचक स्टेरॉइड मात्र नको. तीन महिन्यांहून जुन्या आजारात रिटुक्सिमॅब (प्रतिकारयंत्रणा दाबणारं औषध) किंवा प्लीहा काढण्याच्या आधी एल्ट्रोम्बोपॅग किंवा रोमिप्लोस्टिम हे प्लेटलेट वाढवणारं औषध सुचवलं जातं. दुसरं दर आठवड्याला त्वचेखाली घ्यायचं इंजेक्शन, पहिलं रोजची गोळी.

एल्ट्रोम्बोपॅग फुकट का जातं ते सांगतो, कारण ते बहुतेकदा स्वयंपाकघरात फुकट जातं. कॅल्शियम, लोह, अँटासिड यांच्याशी ते पोटात बांधलं जातं आणि रक्तात जातच नाही. नियम असा : दूध-दही-पनीर, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीनंतर ४ तासांनी, आणि या गोळीनंतर २ तास त्यांतलं काही नाही. दूध सगळ्यांना कळतं. नाचणी आणि तीळ कळत नाहीत. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, ज्वारीत त्याच्या दहाव्या हिश्शाइतकंही नाही. संक्रांतीच्या आठवड्यात तिळगुळानं आकडा खाली आला तर नवल नको. सोपी पद्धत : साडेचारला दूध, सातला वरणभात किंवा ज्वारीची भाकरी आणि भाजी, दही-ताक नाही, आणि साडेआठला, दिवा बंद करायच्या आधी गोळी. सकाळचं दूध बिनघोर. लोहाची गोळी चालू असेल तर ती दुपारी शाळेतून आल्यावर. ६ वर्षांवरच्या मुलांना सुरुवात साधारणपणे ५० मिलिग्रॅमनं होते. डोस बसेपर्यंत सीबीसी दर आठवड्याला, यकृताची तपासणी दोन आठवड्यांनी, मग दोन्ही महिन्याला. डोळेही तपासून ठेवायचे. आणि हे औषध लोहही बांधतं, म्हणून प्लेटलेट वाढल्या पण पोरगी आणखी गळाली असं झालं तर आधी फेरिटिन बघा.

सुरू करण्याआधीच डॉक्टरांशी ठरवा की १२ आठवड्यांनी वही आणि आकडा दोन्ही शेजारी ठेवून बघायचं. काही मुलांचा थकवा उतरतो. काहींच्या प्लेटलेट दीड लाखावर जातात आणि थकवा तिथेच बसलेला असतो. तेव्हा फक्त थकव्यासाठी ते औषध चालू ठेवण्यात अर्थ नाही. खर्च महिन्याचा नाही, महिनोन्‌महिन्यांचा असतो, म्हणून सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

नाशिकच्या हवेचं दोन शब्दांत. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा बातमीत येतो तेव्हा आपल्याकडची हवा कोरडी असते आणि नाकं फुटतात. रात्री नाकात सलाइनचे थेंब, कडेला व्हॅसलिनचं बोट, नखं कापलेली. रक्त आलं तर मान मागे नाही, पुढे झुकवून बसवा आणि नाकाचा मऊ भाग सलग १० मिनिटं चिमटीत धरा, मधेमधे सोडून बघू नका. पावसानंतर ताप आला तर त्याच दिवशी सीबीसी, आणि पॅरासिटामॉलच, १० ते १५ मिलिग्रॅम प्रति किलो. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड नाही. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन असतं हे लक्षात ठेवा. पपईच्या पानांचा रस आयटीपीत उपयोगाचा नाही, कडवटपणानं उलट्या होतात तेवढंच. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडीत (रंगाच्या हौदात) उडी नको, काठावर बसून भिजू दे.

वर्षा-दोन वर्षांत पाळी सुरू होईल, त्याची तयारी आताच करा. पोटदुखीला शेजारच्या ताई देतात ती गोळी बहुतेकदा मेफेनॅमिकचीच असते, ती नको. ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड (रक्तस्राव कमी करणारं औषध) किती आणि किती दिवस ते लिहून घेऊन घरात ठेवा. ३२ किलोला साधारण ५०० मिलिग्रॅमची एक गोळी दिवसातून ३ वेळा, जास्तीत जास्त ५ दिवस असा डोस असतो, आणि लघवीतून रक्त असेल तर द्यायची नाही. तासा-दोन तासांत पॅड भरत असेल किंवा पाळी ७ दिवसांवर गेली तर वाट न बघता दाखवा. थकवा तिथून नव्यानं सुरू होतो.

डोक्याला जोराचा मार, थांबत नसलेली डोकेदुखी, उलट्या, झोपाळूपणा, तोंडात रक्ताचे फोड, २० मिनिटं दाबूनही न थांबणारं नाक, लघवीत रक्त : यांत आधी सीबीसीला लॅबमध्ये जाऊ नका. सरळ सीटी स्कॅन आणि रक्तपेढी असलेल्या रुग्णालयात जा, दारातच "आयटीपी आहे, प्लेटलेट कमी असतात" हे सांगा, आणि वहीचं पहिलं पान, ज्यावर रक्तगट, वजन, आतापर्यंतची औषधं आणि शेवटचे तीन आकडे लिहिलेत, ते पुढे करा.